गप्प बसवणारं घड्याळ

आमच्या नागावच्या घरात, ओटीवरून आत आलं की समोरच्या भिंतीवर एक गोल पितळी घड्याळ दिसतं. पांढऱ्या तबकडीवर दोन ठिकाणी कलिंगडाच्या बारीक फोडी ठेवाव्यात तसा लाल रंग भरलेला आहे. एक फोड तीनच्या आकड्यापासून सुरू होते आणि तीन मिनिटांच्या खुणा ओलांडून संपते. दुसरी नऊच्या आकड्यापासून तशीच. घरी आलेला पाहुणा चहाचा कप हातात घेऊन हमखास विचारतो, "हे लाल काय हो?"

मीही हाच प्रश्न विचारला होता. १९८७ साली मुंबईत दारूखान्याजवळच्या एका भंगाराच्या गाळ्यात हे घड्याळ मला मिळालं, तेव्हा गाळेवाला म्हणाला, "डिझाइन है, साब. पुराने लोगों का शौक." मला ते पटलं. बारा वर्षं मी पाहुण्यांना तेच सांगत होतो, आणि ते साफ चूक होतं.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. आमचा सगळा किनारा इतिहासाने भरलेला. अलिबागसमोर कुलाबा, पलीकडे खांदेरी-उंदेरी, दक्षिणेला रेवदंडा, कोर्लई, मुरूड-जंजिरा. मुलांना सहलीला नेलं की ती तोफा मोजतात, तोफेवर बसून फोटो काढतात. एकदा एका मुलीने विचारलं, "गुरुजी, पहारा बदलायची वेळ त्यांना कशी कळायची?" मी नेहमीचं उत्तर दिलं : घटिकापात्र. पाण्यावर ठेवलेलं, तळाला भोक असलेलं भांडं चोवीस मिनिटांत बुडतं, मग तासावर टोला द्यायचा. तास म्हणजे मूळ ती धातूची थाळी. टोल्याचं साधन आणि मोजलेला काळ यांना आपल्या भाषेने एकच शब्द वापरला. १६७९ मध्ये खांदेरीला वेढा घालून बसलेल्या इंग्रजांच्या जहाजांवर वाळूचं घड्याळ होतं. ते दर अर्ध्या तासाने उलटं करायचं आणि घंटा वाजवायची. म्हणजे त्या लढाईत महाराजांचं आरमार आणि इंग्रज एकमेकांवर तोफा डागत होते, पण दोघांची वेळ वेगवेगळ्या मापाने चालली होती. मुलीला उत्तर मिळालं. मला मात्र नाद लागला.

तोफ घरी आणता येत नाही, घड्याळ आणता येतं. शिवाय युद्धातली घड्याळं जुन्या वस्तूंच्या बाजारात तेव्हा फारशी कोणाला नको होती. लोकांना लंबकाची, कोरीव लाकडाची, टोले देणारी घड्याळं हवी असत. काळ्या किंवा पांढऱ्या तबकडीचं, नक्षी नसलेलं, बोल्ट मारून भिंतीला घट्ट बसवायचं घड्याळ दिवाणखान्यात कोण लावणार? त्यामुळे मास्तरच्या पगारात ती परवडली.

ती इथे आली कशी, हे सांगायला हवं. दुसरं महायुद्ध संपलं आणि मुंबईत लष्करी सामानाची विक्री सुरू झाली. लोक त्याला 'डिस्पोजल' म्हणत. तंबू, बूट, जीपचे सुटे भाग, त्यातच घड्याळं. दुसरा मार्ग जहाजतोडीचा. युद्धात लढलेल्या काही बोटी स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलात आल्या. 'आयएनएस दिल्ली' ही क्रूझर त्यापैकी एक. ही मूळची 'ॲकिलीस'. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी झुंजलेल्या तीन बोटींतली एक. १९४८ मध्ये ती भारताकडे आली, १९७८ मध्ये निवृत्त झाली आणि मुंबईतच तिची तोडणी झाली. तिच्या तोफांचा एक बुरूज आठवण म्हणून न्यूझीलंडला पाठवला गेला. 'आयएनएस म्हैसूर'सुद्धा युद्धात 'नायजेरिया' या नावाने उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्रात फिरलेली.

या इतिहासाचा बाजारात फार उपयोग होतो, तो विकणाऱ्यांना. चोर बाजारात मला आजवर 'ॲकिलीस'चं म्हणून निदान सात घड्याळं दाखवली गेली. त्यातल्या दोघांवर ती बोट मोडल्यानंतरच्या काळातला रंग होता आणि एकात चक्क सेलवर चालणारं यंत्र. तुम्हाला हा नाद करायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा : चकचकीत पितळ, 'रॉयल नेव्ही, लंडन' असं ठळक लिहिलेलं आणि तळाला १९१२ किंवा १९४२ असं साल कोरलेलं घड्याळ दिसलं, की पुढच्या दुकानात जा. लष्कराला आपलं नाव मिरवायची हौस नसते. ब्रिटिश सरकारी मालावर एक छोटा बाण असायचा, तीन रेघांचा, कोंबडीच्या पावलासारखा. त्याच्या शेजारी नंबर. बस्स. बाणाचा अर्थ एवढाच, की ही वस्तू सरकारची आहे, घरी नेऊ नये.

त्या बाणाचं एक घड्याळ मी स्वतःच्या हाताने गमावलं, म्हणजे गमावू दिलं. ते भिंतीवरचं, जाड लाकडी चौकटीचं होतं. आत फ्युझी पद्धतीचं यंत्र : शंकूसारखी एक चकती आणि तिच्यावर गुंडाळलेली, सायकलच्या चेनची नात शोभावी अशी बारीक साखळी. कमान सैल होत गेली तरी ओढ सारखी राहावी म्हणून ही सोय. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोणी कोणी खिळ्याने कोरून ठेवलं होतं : महिना, साल, दोन अक्षरं. दुरुस्ती करणाऱ्याची ही जुनी सवय, आपण कधी हात लावला ते लिहून ठेवायचं. १९४१ पासूनच्या पाच-सहा नोंदी होत्या. मी ते तेलपाणी करायला एका घड्याळजींकडे दिलं. माणूस मोठा कसबी आणि प्रेमळ. पंधरा दिवसांनी त्यांनी घड्याळ माझ्यासमोर ठेवलं तेव्हा त्यांचा चेहरा आनंदाने फुललेला. झाकण आतून-बाहेरून घासून सोन्यासारखं केलेलं. तबकडी नव्याने रंगवलेली, बाण गेला, नंबर गेला. "मास्तर, बघा, नवं कोरं!" मी पैसे दिले, आभार मानले आणि रेवदंड्याच्या एसटीत बसून घरी आलो. कोणाला काय बोलणार? मीच त्यांना सांगितलं नव्हतं, की मला जे हवंय ते त्या मळातच आहे.

दुसरी गोष्ट धोक्याची आहे आणि ती जरा सविस्तर सांगतो. युद्धातल्या अनेक घड्याळांच्या आकड्यांवर अंधारात चमकणारा रंग असे. त्यात रेडियम असायचं. अमेरिकेत १९२०च्या दशकात असे आकडे रंगवणाऱ्या कामगार मुली ब्रशाचं टोक ओठांनी बारीक करत आणि त्यातून त्यांच्या जबड्याची हाडं सडली, अनेक जणी दगावल्या. आता गंमत अशी, की ही घड्याळं आज अंधारात चमकत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं विष उतरलं. तसं नाही. चमकणारा पदार्थ काही वर्षांत दमतो. रेडियमचं आयुष्य निम्म्यावर यायला सोळाशे वर्षं लागतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळापासून आजपर्यंतचा काळ चार-साडेचार वेळा मोजावा लागेल. तेव्हा पिवळट, तपकिरी पडलेल्या जाड रंगाचे आकडे दिसले तर काच उघडू नका, रंग खरवडू नका, नातवंडांच्या हाती देऊ नका. माझ्याकडचं असं एक घड्याळ मी माजघरातून काढून पडवीत, वारा खेळत राहील अशा जागी टांगलं आहे. घरच्यांना ते कुठेच नको होतं, पण पडवीवर तडजोड झाली.

या घड्याळांमधलं मला सगळ्यात आवडणारं मात्र माझ्याकडे नाही आणि आता मिळणारही नाही, किंमती कुठच्या कुठे गेल्या. ब्रिटिश विमानदलाच्या नियंत्रण कक्षातलं घड्याळ. त्याच्या तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे त्रिकोण असत, लाल, पिवळा, निळा, पुन्हा लाल, पिवळा, निळा. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर जर्मन विमानं यायची, तेव्हा टेबलावर पसरलेल्या मोठ्या नकाशावर त्यांच्या जागी सोंगट्या सरकवल्या जात. खबर आली त्या क्षणी मिनिटकाटा ज्या रंगावर असेल त्या रंगाची खूण नकाशावर ठेवायची. म्हणजे वरच्या सज्जातून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला नुसत्या रंगावरून कळायचं, ही बातमी ताजी की शिळी. पंधरा मिनिटांनी रंग फिरून तोच येणार, त्याआधी जुनी खूण उचलायची. हे घड्याळ किती वाजले हे सांगण्यापेक्षा आपल्याला ठाऊक असलेलं किती जुनं झालं, हे सांगतं. वर्तमानपत्रवाल्यांनी असं एक टांगायला हरकत नाही.

तर, नागावच्या भिंतीवरच्या त्या लाल फोडींकडे येतो. १९९९ च्या उन्हाळ्यात मुरूडकडचे एक गृहस्थ आमच्याकडे आंब्याच्या निमित्ताने आले होते. आयुष्यभर व्यापारी बोटींवर रेडिओ ऑफिसर म्हणून काम करून घरी परतलेले. वय सत्तरच्या पुढे, सगळे त्यांना चाचा म्हणत. दारातून आत आले आणि घड्याळासमोर उभेच राहिले. चप्पल काढायचं विसरले. मग मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "मास्तर, हे कुठल्या वेळेवर लावलंय?"

मी म्हटलं, "आपल्याच. का?"

"मग बरोबर आहे. आत्ता काटा लालमध्ये आहे. आत्ता आपण दोघांनी बोलायचं नाही."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण ते खरंच बोलले नाहीत. मिनिटकाटा लाल फोडीतून बाहेर पडेपर्यंत चाचा ओटीवर उभे राहिले, मग बसले, पाणी मागितलं आणि बोलायला लागले.

जहाजांची हाक मारायची एक लहर ठरलेली होती, पाचशे किलोहर्ट्झ. सगळ्या जगाच्या बोटी त्याच एका लहरीवर एकमेकांना हाका मारायच्या. म्हणजे मच्छी बाजारच! त्या गलक्यात एखादी लांबवरची, बॅटरी उतरलेली बोट 'वाचवा' म्हणाली तर ऐकू कसं येणार? 'टायटॅनिक' १९१२ मध्ये बुडाली, त्यानंतर यावर नियम होत गेले आणि पुढे असं ठरलं, की प्रत्येक तासाच्या पंधराव्या ते अठराव्या आणि पंचेचाळीसाव्या ते अठ्ठेचाळीसाव्या मिनिटात कोणीही बोलायचं नाही. संदेश अर्धा राहिला तर अर्धा. सगळ्यांनी कानाला हेडफोन लावून फक्त ऐकायचं. बुडणाऱ्यालाच तेवढी बोलायची मुभा. रेडिओ खोलीतल्या माणसाला विसर पडू नये म्हणून तेवढा भाग तबकडीवर लाल. काही घड्याळांच्या कडेला चार-चार सेकंदांच्या खुणाही असत. चार सेकंदांची रेघ, एक सेकंद थांबायचं, अशा बारा रेघा मिनिटभर पाठवल्या की दूरच्या बोटीवरची धोक्याची घंटा आपोआप वाजायची.

"लढाईत तर हे फार," चाचा म्हणाले. ते स्वतः लढाईनंतर बोटीवर चढले, पण ज्यांनी त्यांना शिकवलं ती माणसं लढाईतली. युद्धात बोटी स्वतःहून बोलत नसत. आपण बोललो की शत्रूच्या पाणबुडीला आपला ठावठिकाणा कळतो. म्हणून चोवीस तास ऐकायचं. तोंड उघडायचं ते टॉर्पेडो बसल्यावरच, आणि तेव्हाही ओळीने चार वेळा 'एस' हे अक्षर पाठवायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला कळावं, की हल्ला पाणबुडीचा आहे. चार 'आर' म्हणजे समुद्रावरच्या लढाऊ बोटीचा.

त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न, कुठल्या वेळेवर लावलंय, त्याचा अर्थ मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळला. हे नियम ग्रिनिचच्या वेळेचे. आपली प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. तिकडे पंधरावं मिनिट, तेव्हा इकडे पंचेचाळीसावं. दोन्ही लालच. म्हणजे बोटीवर घड्याळ भारतीय वेळेला लावलं तरी लाल फोड चुकत नाही. १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत सरकारने युद्धासाठी सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे केली होती, साडेसहा तास. तरीही चुकत नाही. पण मुंबईची स्वतःची एक वेळ होती, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. देशाने १९०६ मध्ये प्रमाणवेळ घेतली तरी मुंबईकरांनी हट्टाने आपली वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालवली. हे घड्याळ त्या मुंबईच्या वेळेवर लावलं असतं, तर काटा लालमध्ये असताना बाकीचं जग बोलत असतं आणि जग गप्प असताना आपण बडबडत. अभिमानापोटी ठेवलेली वेळ बंदराच्या आत ठीक होती. खांदेरीच्या दीपस्तंभापलीकडे गेलं, की तिचा उपयोग नव्हता.

तीन वेळांचा हा गोंधळ जुने कागद वाचताना अजून त्रास देतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या दारूगोळ्याच्या बोटीचा स्फोट झाला. वेळ चार वाजून सहा मिनिटं, असं सगळीकडे छापलेलं असतं. सरकारी घड्याळ तेव्हा तासभर पुढे होतं, हे ध्यानात घेतलं तर सूर्याने पाहिलेली वेळ बरीच अलीकडची. उरण-रेवसच्या बाजूला ज्यांनी तो आवाज ऐकला, त्यांच्या आठवणीत तो दुपारचाच असणार.

चाचांनी त्या दिवशी 'तिलावा'ची गोष्ट सांगितली. नंतर मी ती ताडून पाहिली. 'तिलावा' ही प्रवासी बोट २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. माणसं ९५८, बहुतेक आपलीच, व्यापारी, त्यांची बायकामुलं, खलाशी. तिसऱ्या दिवशी, २३ तारखेच्या पहाटेच्या अंधारात जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला, थोड्या वेळाने दुसरा. २८० माणसं गेली. पण ६७८ वाचली. भर अरबी समुद्रात, कुठेही जमीन नाही, तरी वाचली, कारण तिच्यावर वायरलेस होता, तो चालवणारा अधिकारी बोट बुडेपर्यंत संदेश पाठवत राहिला आणि कोणीतरी ते ऐकलं. ब्रिटिश क्रूझर 'बर्मिंगहॅम' दोन दिवसांनी तिथे पोहोचली आणि माणसांना घेऊन मुंबईला आली. तो अधिकारी आला नाही. 'तिलावा'वरची चांदी २०१७ मध्ये समुद्राच्या तळातून वर काढण्यात आली, दोन हजारांवर विटा, आणि तिच्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या.

गोष्ट संपली तेव्हा आमच्या मातोश्री आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्या तेव्हा ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी विचारलं, "मग 'रामदास'वर हे नव्हतं का?"

आमच्या किनाऱ्यावर 'रामदास' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. पण आता नवी पिढी आहे, म्हणून सांगतो. १७ जुलै १९४७. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या. मुंबईहून गावी यायला लोक भाऊच्या धक्क्यावर सकाळी गर्दी करून बोटीत चढले. बोट आठला रेवसकडे निघाली. पाऊस, वारा, खवळलेला समुद्र. साडेआठच्या सुमारास काश्याच्या खडकाजवळ लाटेने ती कलंडली आणि काही मिनिटांत गेली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जमतील तेवढी ओढून काढली. मुंबई तिथून दहा मैलसुद्धा लांब नाही. तरी मुंबईला खबर लागली ती दुपार उलटून गेल्यावर, कोणीतरी पोहत किनाऱ्याला लागला आणि बोलला तेव्हा. बोटीवर वायरलेस नव्हता.

युद्ध संपून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. मुंबईच्या डिस्पोजलच्या बाजारात वायरलेसचे संच आणि अशी घड्याळं वजनावर विकली जात होती. हे दोन्ही एकत्र ठेवून पाहिलं की मला माझ्या संग्रहाकडे सरळ पाहवत नाही. हजार मैलांवरून हाक ऐकू आली आणि दहा मैलांवरची आली नाही.

चाचांनी मातोश्रींना उत्तर दिलं, "नाही, आई. रेवसची बोट, एवढ्याशा अंतराला कोण लावतो?" मातोश्री काही बोलल्या नाहीत. त्यांच्या माहेरची दोन माणसं त्या बोटीत होती.

तो लाल नियम आता राहिलेला नाही. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांच्या सुरक्षिततेचा सगळा कारभार उपग्रह आणि नव्या यंत्रणेवर गेला. चाचा आमच्याकडे आले त्याच्या तीन-चार महिने आधीच ती शांतता जगातून अधिकृतपणे संपली होती. त्यांना ते ठाऊक होतं. तरी काटा लालमध्ये पाहून ते गप्प उभे राहिले होते.

जाताना त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, हे कोणाकडेही पॉलिशला देऊ नका. दुसरी, चालू ठेवा, बंद पडलेलं घड्याळ टांगू नका. पहिली मी पाळली आहे. दुसरीसाठी आठवड्यातून एकदा किल्ली द्यावी लागते, आणि म्हातारं झाल्यामुळे दिवसाला ते दीड-दोन मिनिटं मागे पडतं. मागे पडलं की लाल फोड चुकते. म्हणून रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्या सुरू व्हायच्या क्षणाला मी खुर्चीवर चढून काच उघडतो आणि बोटाने मिनिटकाटा पुढे ढकलतो. मातोश्री होत्या तोवर त्या खालून खुर्ची धरायच्या.